उपदेशाच्या अलीकडे

दुःख सांगावयास आलेल्या माणसाला आपण बहुधा दोनच गोष्टी देतो, सांत्वन आणि सल्ला; आणि 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलेला असल्यामुळे समुपदेशकाची पायरी चढणारा मनुष्यही, येथे आपणांस कोणी वडीलधारा अधिक मुद्देसूद उपदेश करील, हीच अपेक्षा मनात धरून आलेला असतो. ही समजूत कोठे चुकते, हे सांगण्यासाठी मी एक जुनी हकीकत आपणांपुढे ठेवतो.

कार्ल रॉजर्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९२८ ते १९४० या काळात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करीत होते. एका अतिशय हूड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचे मूळ, तिने त्याला लहानपणी दूर लोटले, यात आहे, असे त्यांचे निदान होते. आणि ते तिला उमगावे म्हणून तिच्याच बोलण्यातील पुरावे तिच्यापुढे मांडीत त्यांनी अनेक बैठकींत सौम्यपणे खटपट केली, परंतु त्या खटपटीचा काडीचाही उपयोग झाला नाही. अखेरीस, आपण दोघांनी प्रयत्न केले, ते निष्फळ ठरले, तेव्हा भेटी थांबवाव्यात, असे त्यांनी सुचविले. तिने ते मान्य केले, हस्तांदोलन झाले, आणि ती दारापर्यंत गेली. तेथून मागे वळून तिने विचारले की, येथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते काय? होकार मिळताच ती पुन्हा खुर्चीवर येऊन बसली, आणि पतीशी आलेला दुरावा, विस्कटलेला संसार, स्वतःच्या पराभवाची जाणीव, हे सारे तिच्या मुखावाटे वाहू लागले. कागदोपत्री नोंदलेल्या पूर्ववृत्तात यातले काहीच नव्हते. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला, आणि पुढे त्याचा गुण तिला आला, तसाच तिच्या मुलालाही आला.

रॉजर्स यांचे निदान खोटे होते असे मी म्हणत नाही. ते त्यांचे होते, तिचे झालेले नव्हते, एवढेच. कोठे दुखते हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा धडा त्यांनी जन्मभर जपला, आणि १९४२ च्या आपल्या ग्रंथात 'रुग्ण' हा शब्द मागे सारून जो शब्द रूढ केला, त्याला आपल्या कचेरीच्या भाषेत 'अशील' म्हणतात. दावा अशिलाचा असतो, आणि वकीलपत्र देण्याचा वा काढून घेण्याचा अखत्यारही त्याचाच असतो. मात्र साम्य येथेच संपते. कारण वकील अशिलाच्या वतीने बोलतो, तर समुपदेशक अशिलाला स्वतःच्या वतीने बोलता यावे म्हणून झटतो.

त्यासाठी रॉजर्स यांनी उपचारकाकडून प्रामुख्याने तीन गुण मागितले: सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. समजा, एखादा मुलगा सांगतो की, वडील गेले त्या रात्री मी दवाखान्यात थांबलो नाही. आपण लगेच म्हणतो, तुझा काय दोष? हे प्रेमाचे बोलणे खरे, पण त्याने त्या मुलाचे तोंड बंद होते. समुपदेशक त्याला निर्दोष ठरविण्याची घाई करीत नाही; त्या रात्रीपासून तुम्ही स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, एवढेच तो हलकेच म्हणतो, आणि ही फिर्याद दाखल कोणी केली, हा प्रश्न तो मुलगा कदाचित प्रथमच स्वतःला विचारतो.

सर्वच पद्धती इतक्या अबोल नसतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या, आणि मुंबईत कि. मो. फडके यांनी दीर्घकाळ प्रसारिलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत उपचारक रोखठोक वाद घालतो, 'मला अपयश येताच कामा नये' या हट्टाला पुरावा मागतो, घरी करावयाचा अभ्यासही नेमून देतो. तथापि तेथेही झडती घेतली जाते ती विचाराची. माणसाची किंमत ठरविली जात नाही.

समुपदेशक आणि अशील यांच्या या नात्याला मर्यादाही आहेत, आणि त्या पाळणे हेही कर्तव्यच होय. औषधाची गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. ऐकलेले गुपित राखले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तर तेथे हा कायदाही अपवाद करतो. आणि ज्यांना आज कोणापाशीच बोलता येत नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. तो फिरविण्यात कसलाही कमीपणा नाही.

रॉचेस्टरच्या त्या दारापाशी झालेला निरोप अपयशाचा होता. परंतु त्याच दारापाशी आणखी एक निरोप व्हावयाचा असतो: अशील आपले वकीलपत्र परत मागतो, कारण आता स्वतःचा दावा त्याला स्वतः चालविता येतो. उपचारकाचे सारे श्रम त्या निरोपासाठी असतात.