पळणाऱ्या पोरांनी केव्हा खावे, काय खावे?

(गावच्या तालमीपुढे जमलेल्या मंडळींसमोर केलेले भाषण)

गावकरी मंडळी, आयाबहिणींनो, आणि तालमीतल्या व मैदानावरच्या मुलामुलींनो,

आम्ही आज मोठे व्याख्यान द्यायला आलेलो नाही. एक साधी गोष्ट बोलायची आहे. व्यायाम करणाराने केव्हा खावे आणि काय खावे, एवढीच. तुम्ही म्हणाल, यात सांगायचे काय? भूक लागली की खावे. पण तेवढ्याने भागत नाही. का, ते सांगतो.

पहाटे पाच वाजता कोणत्याही गावच्या रस्त्याला जा. अंधारात पोरे पळताना दिसतील. आता मुलीही दिसतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर पळावे लागते, मुलींना ८०० मीटर. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. वेळ जितका कमी, तितके गुण जास्त. एका नोकरीवर सगळ्या घराची आशा असते.

मागे एका मैदानावर सरावाची शर्यत होती. आम्हीही पाहायला गेलो होतो. मुलींना दोन फेऱ्या मारायच्या होत्या. पहिल्या फेरीत एक मुलगी सर्वांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत तिचे पाय लटपटले, आणि ती खाली बसली ती आडवीच झाली. अंगाला गार घाम सुटला होता. तिला सावलीत नेले, पाय जरा उंच ठेवले. एक जण तांब्या घेऊन तोंडात पाणी ओतायला धावला. आम्ही त्याला थांबवले. माणूस पुरता शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनळीत जाते. थोड्या वेळाने ती उठून बसली. मग साखर-मिठाचे पाणी दिले.

आम्ही विचारले, “पोरी, सकाळी काय खाल्लंस?”

“चहा घेतला.”

“आणि रात्री?”

ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “सगळ्यांचं झाल्यावर जेवले. अर्धीच भाकरी उरली होती.”

मंडळी, त्या अर्ध्या भाकरीसाठी आम्ही आज इथे आलो आहोत.

अंगातली शिदोरी

आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते. ही साखर रक्तातून सगळ्या अंगाला मिळते. जी लगेच लागत नाही, तिच्यातली काही शरीर बाजूला ठेवते. थोडी यकृतात म्हणजे काळजात, आणि बरीच हातापायांच्या स्नायूंत. ही आपल्या अंगातली शिदोरी.

रात्री आपण झोपतो, पण शरीर झोपत नाही. मेंदू चालू असतो, हृदय चालू असते. त्यांना लागणारी साखर यकृत पुरवते. म्हणून सकाळी यकृतातली शिदोरी बरीच उतरलेली असते. स्नायूंतली मात्र शिल्लक असते. पण केव्हा? आदल्या दिवशी पोटभर खाल्ले असेल तर.

आता कोणी म्हणेल, “अहो, आमचे पैलवान तर पहाटे उपाशीपोटीच जोर-बैठका काढतात. मग खुराक घेतात.” खरे आहे. पण त्या पैलवानाने आदल्या रात्री काय खाल्ले होते, ते पाहा. भाकरी, दूध, तूप, कधी मटण. त्याची शिदोरी भरलेली असते. जोर काढून झाले की बदामाची थंडाई तयार असते. आपण त्याचे उपाशीपोट तेवढे उचलले. त्याचे रात्रीचे ताट पाहिलेच नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही. उद्याच्या पळण्याचे जेवण आज रात्री करायचे असते. रात्रीचे जेवण व्यायाम करणाराने कधी चुकवू नये, आणि अर्धपोटी झोपू नये.

पळण्याआधी

मग पळण्याच्या आधी भरपूर खावे का? नाही. तेही चूक. जेवल्यावर पोटाला रक्त लागते. पळताना ते पायांना लागते. दोघांची ओढाताण झाली की पोटात कळ येते, मळमळते, उलटी होते. बरगडीखाली चमक येते, ती पुष्कळांनी अनुभवली असेल.

यासाठी साधा हिशेब आहे. पोटभर जेवण झाले असेल तर तीन तास थांबा. हलके खाल्ले असेल तर तास-दीड तास. एखादे केळे खाल्ले असेल तर अर्धा तास पुरे.

पहाटे पाचला पळायचे, तर कोणी दोनला उठून जेवणार नाही. म्हणून उठल्याबरोबर एक पिकलेले केळे खा. केळे नसेल तर दोन-तीन खजूर, किंवा मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा, किंवा चतकोर पोळी गुळाशी. यांची साखर लवकर होते. पोट जड होत नाही.

पळण्याआधी पिठले, भजी, मिसळ, मटण खाऊ नका. तेलकट आणि मसालेदार अन्न पोटात रेंगाळते. मोड आलेली मटकी फार चांगली, पण पळण्याआधी नको. पोटात वारा धरतो. दुधाने कोणाला त्रास होतो, कोणाला होत नाही. आपले आपण पाहावे.

आणि चहा हे अन्न नव्हे. चहाने झोप उडते, भूक मरते, पण ताकद येत नाही. चहा घ्या, पण त्याच्यासोबत काहीतरी खा.

सायंकाळी तालमीत जाणारे दिवसभर रानात नाहीतर कारखान्यात राबलेले असतात. दुपारी एकला जेवण, आणि सहाला जोर. मध्ये पाच तास. त्यांनी साडेचार-पाचला मूठभर फुटाणे, केळे किंवा अर्धी भाकरी खावी, आणि मग तालीम धरावी.

भरतीच्या दिवशी मात्र नवे काही करू नका. नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. तासन्‌तास उन्हात बसावे लागते. रोज जे खाऊन पळता तेच पिशवीत न्या. दोन केळी, गुळाची पोळी, पाण्याची बाटली. कोणी मित्र म्हणेल, “ही गोळी घे, दम लागणार नाही.” घेऊ नका.

पाणी

पूर्वी सांगत, व्यायामात पाणी पिऊ नये. तांब्याभर पाणी एका दमात ढोसू नये, एवढे त्यातले खरे. पण तहान मारून पळणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात तर जिवावर बेतते. उठल्यावर एक-दीड पेला पाणी प्या. मधे तहान लागली तर दोन-चार घोट घ्या.

किती पाणी गेले हे कसे कळावे? गावात कुठे वजनकाटा असेल तर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो वजन उतरले तर साधारण एक लिटर पाणी घामावाटे गेले. ते एकदम नको, पण दोन-तीन तासांत भरून काढा. काटा नसेल तर लघवी पाहा. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले.

फार घाम गेला असेल तर साखर-मिठाचे पाणी करा. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त घालू नका. वर लिंबू पिळले तर चवीला बरे. मीठ घातलेले ताकही चांगले. बाजारातल्या रंगीत बाटलीपेक्षा हे स्वस्त.

पळून आल्यावर

पळून आल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला. अंग निवू द्या. पाणी प्या. मग तासाभरात खा. उशीर लावू नका. शिदोरी रिकामी झालेली असते. स्नायूंना बारीक इजा झालेली असते. ती भरून येते, तेव्हाच ते बळकट होतात. व्यायामाने स्नायू थकतो. तो वाढतो ते अन्नाने आणि झोपेने.

या वेळी दोन गोष्टी लागतात. एक धान्य, शिदोरी भरायला. दुसरी डाळ, उसळ, अंडे, दूध यांतले काहीतरी, स्नायू बांधायला. त्यातल्या घटकाला प्रथिने म्हणतात. भाकरी आणि मटकीची उसळ, खिचडी आणि ताक, पोळी आणि दोन अंडी. कोणतीही जोडी चालेल.

प्रथिने किती लागतात? ६० किलो वजनाच्या साध्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम पुरतात. रोज कसून मेहनत करणाराला ७० ते ९० ग्रॅम लागतात. ऐकून घाबरू नका. आपण मोजू या. दिवसात पाच भाकऱ्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, १४ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. दोन अंडी, १२ ग्रॅम. मोठी मूठ शेंगदाणे, ७ ग्रॅम. बेरीज झाली ७४. अंडी खात नसाल तर दोन मुठी फुटाणे खा.

यात डबा कुठे आला? आज पोरे हजारो रुपयांचे भुकटीचे डबे आणतात. घरात डाळ नाही, पण पोराच्या खोलीत डबा आहे, असे आम्ही पाहिले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे नियम छापले. त्यात शरीर कमावण्यासाठी असे डबे टाळावेत, असाच सल्ला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्या काळी आपल्या तालमींत असले डबे नव्हते. आणि अंग फुगवायची इंजेक्शने तर विषच समजा.

ज्यांना मधुमेह आहे, जे इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात, त्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. साखर एकाएकी उतरते. डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी. एकादशी असो की रोजा, उपासाच्या दिवशी जोराची मेहनत टाळावी, किंवा उपास सोडल्यावर करावी.

मुलींचे ताट

आता शेवटचे, आणि महत्त्वाचे. आयाबहिणींनो, हे तुमच्याशी बोलतो. पण पुरुषांनीही कान द्यावा.

देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत हे दिसले आहे. रक्त कमी म्हणजे दम लवकर लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मुलीला मेथी, शेपू, राजगिरा, मटकी, खजूर द्या. जेवणात लिंबू पिळा. त्याने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा देऊ नका. चहा ते लोह अडवतो. तासभर जाऊ द्या. आणि आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घ्या.

त्या पडलेल्या मुलीच्या घरी आम्ही गेलो होतो. तिचा भाऊही भरतीचीच तयारी करत होता. त्याला रोज अर्धा लिटर दूध होते. तिला नव्हते. आई म्हणाली, “मी मुद्दाम नाही हो कमी दिलं. आमच्यात बायका मागाहून जेवतात. उरेल ते खातात.”

आईला आम्ही दोष दिला नाही. ती स्वतःही अर्ध्या भाकरीवरच उठत होती. आम्ही एवढेच म्हणालो, दोघांनाही पळायचे आहे. मग दोघांना एकदम जेवायला वाढा. आणि तिसरे ताट तुमचे घ्या.

भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. पुढे महिन्याने गेलो, तेव्हा कळले की दूध आता दोन पेल्यांत ओतले जाते. तेही त्यानेच सुरू केले. भरती अजून व्हायची आहे. पण मुलगी आता दोन्ही फेऱ्या न थांबता पुऱ्या करते.

मंडळी, “आधी पोटोबा, मग विठोबा” असे आपण थट्टेने म्हणतो. व्यायामालाही तेच लागू आहे. फक्त क्रम ध्यानात ठेवा. रात्री पोटभर, पळण्याआधी थोडे, पळून आल्यावर पुन्हा पोटभर. आणि घरात जे आहे ते सगळ्यांना सारखे.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? त्याच्या वाट्याला काय उरते?

२. पळण्याआधी कोणते पदार्थ खाऊ नयेत? का?

३. एक लिटर पाण्यात साखर किती आणि मीठ किती घालावे?