नाव लिहून घेण्यापासून



सशस्त्र संघर्षात उखडलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची परिषद परभणीत कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. मे २०२३पासून मणिपूरमध्ये हजारो कुटुंबं घराबाहेर आहेत. परिषद तिकडे व्हावी, असंही सुचवलं गेलं. पण हा विषय आमच्या मातीतला आहे. १९४७-४८ साली परभणी जिल्हा निजामाच्या संस्थानात होता, आजची हिंगोली त्यातच होती, आणि पैनगंगा ओलांडली की भारतीय संघराज्यातला वऱ्हाड लागायचा. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जुलूम वाढला तशी मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं उभी पिकं टाकून सरहद्दीपलीकडे गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारत सरकारची निजामाविरुद्धची पोलीस कारवाई झाली आणि गेलेली माणसं परतू लागली. त्याच सुमारास मराठवाड्यात मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला, आणि आता घरं सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. वर्षा-दीड वर्षात एकाच मुलखातून दोन लोंढे बाहेर पडले. उमरखेडसारख्या सरहद्द कॅम्पांतून निजामाविरुद्ध लढलेल्यांना पुढे स्वातंत्र्यसैनिकांचा सन्मान मिळाला, आणि तो योग्यच होता. पण न लढता नुसत्या उखडल्या गेलेल्या बायका, म्हातारी माणसं, सालगडी, विणकर यांची यादी कोणी केली नाही.

माझं म्हणणं असं आहे की विस्थापिताला मदत करण्यातलं पहिलं काम त्याचं नाव लिहून घेणं हे आहे, आणि लिहिताना तो कोणाच्या बाजूचा हे विचारायचं नाही. ज्यांची नावं लिहिली गेली त्यांचं काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले. त्याच छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. त्यांच्यासाठी शाळा होत्या, दवाखाना होता, आणि त्यांच्या मुक्कामाची आठवण कोल्हापूर आणि पोलंड दोघांनीही जपली आहे. आमच्याकडचा माणूस मात्र कोणत्याच कायद्यात बसला नाही. विस्थापितांना भरपाई देणारा १९५४चा केंद्रीय कायदा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी होता. पैनगंगेपलीकडे जाऊन काही महिन्यांनी परतलेला शेतकरी, किंवा भीतीने हैदराबाद गाठलेला कारागीर, कायद्याच्या लेखी विस्थापितच नव्हता. परतल्यावर बैल गेलेले, पेरणी हुकलेली, कदाचित शेतात दुसऱ्याचं औत; दाद मागायची तर हातात कागद नाही.

ती राहिलेली यादी आता करावी, यावर पहिला आक्षेप असा की पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या जखमा आज उकरल्या तर गावोगाव पुन्हा कटुता येईल. हा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. १९४८च्या अखेरीस केंद्र सरकारने पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेडही सांगितलं. अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. त्या काळात वेदना मिटली नाही. प्रत्येक समाजाने फक्त आपले मेलेले मोजले आणि दुसऱ्याचे नाकारले. शिवाय जो अहवाल असा झाकला गेला, त्यातच असंही नोंदलेलं आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना, स्वतःचा जीव धोक्यात घालून, हिंदूंच्याच हल्ल्यापासून वाचवलं, आणि पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. मागावरची सोबत धर्माच्या भिंतीपेक्षा घट्ट ठरली. पुनर्वसन करणाऱ्याला याहून मोलाची माहिती कोणती हवी? माणसं परत कोणाच्या आधाराने वसवायची, हे ती सांगते. अहवाल झाकताना तीही झाकली गेली.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: आता पुरावे कुठे? त्या वर्षी दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशी ओलांडून गेलं आहे, म्हणजे साक्षीदार थोडे आहेत, पण आहेत. आणि कागदही आहेत. निजामकालीन उर्दू दप्तर आहे, १९५४-५५चं खासरा पत्रक आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर मधल्या वर्षांत कोणाचं नाव जमिनीवरून नाहीसं झालं, हे गावागणिक शोधता येईल. हे अवघड आहे असं म्हणणाऱ्यांनी अलीकडचं उदाहरण पाहावं. २०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातली तहसील कार्यालयं जुनी उर्दू आणि मोडी कागदपत्रं तपासत होती. त्यामागच्या मराठा आरक्षणाच्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध मला इथे काही म्हणायचं नाही. शासनाने मनावर घेतलं तर पाऊणशे वर्षांपूर्वीचं दप्तर वाचलं जातं, एवढं त्यातून सिद्ध झालं. प्रत्येक नावामागून जमिनीची मागणी येईल ही भीतीही मला पटत नाही. बहुतेक हक्कांच्या मुदती कधीच टळल्या आहेत. उरला आहे तो आपल्या आजोबांवर काय बेतलं हे जाणण्याचा नातवंडांचा हक्क, आणि तो देताना कोणाच्याही शेताचा बांध हलत नाही.

मणिपूरहून, गडचिरोलीहून येणाऱ्या अनुभवांकडे आम्ही याच नजरेने पाहणार आहोत. तिथली नावं आज लिहिता येतात, माणसं समोर आहेत. परभणीसाठी स्वागत समितीने एक साधा नमुना छापला आहे: गाव, कुटुंब, कधी निघाले, कुठे राहिले, कधी परतले किंवा का परतले नाहीत, परतल्यावर काय सापडलं, कोणी आसरा दिला. धर्म-जातीचा रकाना त्यात नाही. नोंदणीच्या टेबलावर हा नमुना ठेवला आहे. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, वसमत, कळमनुरी भागांतून आलेल्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी तो घ्यावा, ही विनंती.