हरितगृहाचा पाया



हरितगृहाचा विषय निघाला की लोक काचेविषयी, प्लॅस्टिकविषयी, रोपांविषयी प्रश्न विचारतात. पायाविषयी क्वचितच कोणी विचारतो. जमिनीखाली गेलेल्या गोष्टीची आठवण आपल्याला भिंतीला तडा गेल्यावर होते. म्हणून आज मी केवळ पायाविषयी बोलणार आहे, आणि उदाहरण घेणार आहे ते लडाखचे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरू शकतो. बर्फामुळे घाटरस्ते बंद पडतात आणि ताजी भाजी दुर्मिळ होते. अशा वेळी परसातल्या हरितगृहात वाढलेला पालक ही चैन नसते, ती कुटुंबाची गरज असते. या हरितगृहाच्या तीन बाजूंना कच्च्या विटांच्या जाड भिंती असतात आणि दक्षिणेकडे प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण. दिवसा भिंती ऊन साठवतात आणि रात्री ती ऊब परत देतात.

पायाचे काम कुदळीने नव्हे, सावलीने सुरू होते. मोकळ्या जागी एक काठी ओळंब्यात उभी करावी. तिची दिवसातील सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते. तिच्याशी काटकोनात दोरी ताणली की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. हरितगृहाची लांबी या रेषेवर ठेवावी. डिसेंबरअखेरीस लेहमध्ये माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर येतो. त्या वेळी कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी अधिक लांब पडते. दक्षिणेकडील घर वा झाड निदान तेवढे दूर हवे. कोपरा साधण्यासाठी एका बाजूवर 3 फूट व दुसरीवर 4 फूट मोजावे. दोन्ही खुणांमधील अंतर बरोबर 5 फूट आले तर कोन काटकोन आहे. शेवटी दोन्ही कर्ण समान आहेत याची खात्री करून घ्यावी.

आता खोदकाम. ऊब टिकावी म्हणून हरितगृहाची आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली घेतात. पुष्कळ जण येथेच चुकतात. भिंत आधी बांधतात, आणि मग आतली माती उपसतात. पाया 1 फूट खोल आणि जमीन दीड फूट खाली, असे झाले तर भिंतीखालचा आधारच उघडा पडतो. यासाठी आतली पातळी प्रथम ठरवावी आणि पायाचा तळ तिच्याही खाली न्यावा.

दुसरा शत्रू गोठणारे पाणी. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. पण खरी हानी एवढ्यानेच होत नाही. बारीक पोयट्याची माती खालचे पाणी वर ओढून घेते, त्याचे बर्फाचे थर साचत जातात आणि ते भिंतीला उचलतात. वसंतात बर्फ वितळला की भिंत खचते, तीही सर्वत्र सारखी नव्हे. जाड वाळू आणि गोटे पाणी असे ओढत नाहीत. म्हणून चराच्या तळाशी गोट्यांचा थर धुमसून बसवावा आणि पाण्याला उताराकडे वाट काढून द्यावी. त्यावर दगडी बांधकाम करावे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घालावेत, नाहीतर भिंतीचे दोन पदर वेगळे होतात.

दगडी जोते जमिनीवर निदान 1 फूट तरी आणावे. कच्ची वीट थंडीला डगमगत नाही, पण पायाशी साचलेले पाणी तिला विरघळवते. 2010 च्या ऑगस्टमध्ये लेह परिसरात ढगफुटी झाली, तेव्हा मातीची कितीतरी घरे नष्ट झाली. तसल्या लोंढ्यापुढे कोणतेही जोते टिकेल असे मी म्हणणार नाही. परंतु वितळत्या बर्फाच्या पाण्यापासून ते भिंतीला निश्चितच वाचवते. दक्षिणेकडील ठेंगण्या भिंतीच्या दगडांखालून जाड तार आधीच घेऊन ठेवावी. वाऱ्यात सांगाडा तिलाच बांधलेला राहील.

हे सर्व उन्हाळ्यात उरकावे. ओला गारा गोठला की त्याची पकड जाते.

पायासाठी लागणारे दगड बहुधा परसातच सापडतात. लागतो तो थोडा अधिक वेळ. तो वेळ आज दिला नाही, तर पहिल्याच वसंतात भिंत तो आपल्याकडून वसूल करून घेते.