तवेर्नातला मागचा दरवाजा

कळंबहून बोलतोय. मराठवाड्यातलं नाही हां, आपलं इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरशेजारचं. "दादा, गोव्याचा एपिसोड कधी?" असं विचारत होतात ना? घ्या. बीचवर ऊन लागलं, विषय संपला. आज पणजीच्या जुन्या वस्तीतल्या एका तवेर्नाबद्दल. तवेर्न म्हणजे गोव्यातला जुना दारूचा अड्डा. चार बाकडी, काचेच्या बरण्या आणि काजूचा उग्र वास.

काजूच्या बोंडाचा रस पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. २००९ मध्ये काजूच्या फेणीला जीआय मिळालं.

काउंटरमागच्या काकांना मी विचारलं, "काका, इथून स्मगलिंग चालायचं म्हणतात?" ते हसले. मागच्या दरवाज्याकडे बोट केलं, एवढंच.

हे का चालायचं, ते सोपं आहे. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. पलीकडे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य, तिथे विलायती बाटली उघड दुकानात. सोनं, घड्याळं यांचंही तसंच. रात्री माल डोक्यावर घेऊन सावंतवाडीकडे. "माल शेठचा, पाठीवर काठ्या आमच्या लोकांच्या," काका म्हणाले. मग गप्प झाले.

मला खरं सांगायचं तर मजा येत होती ऐकायला. पिक्चरसारखं वाटतं ना? पण याच कोकण किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळ शेखाडीला, फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं. वाटा त्याच, सोन्याच्या तस्करीच्या. पैसे खाऊन डोळे झाकणारे कस्टमवालेही पुढे कोर्टात दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. हे आठवलं आणि हातातला ग्लास खाली ठेवला.

आता गंमत. निघताना आमचा मित्र म्हणतो, "भावा, डिकीत दोन खोकी टाकू, गावात दुप्पट भाव!" परवाना नाही, काही नाही. मी म्हटलं, "गाडी माझी आहे, नाव माझं लागेल." तो बांद्यापर्यंत बोलला नाही. पुढे इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवली, डिकी उघडायला लावली. आत काजूची पाकिटं आणि कोकमाच्या दोन बाटल्या. शिपायाने कोकमाची बाटलीसुद्धा उघडून वास घेतला, राव! तेव्हा कुठे मित्र हसला.