गुप्तधनाच्या शोधात

मंडळी, आमच्या जुन्या वाड्यात काकांनी गुप्तधनासाठी देवघर खणलं. हाती आली माती. माळ्यावरचं मोडी दप्तर मात्र त्याच साफसफाईत बंबात गेलं! मी डिप्लोमावाला सरकारी नोकर. पुढं मोडी शिकलो तेव्हा फार हळहळलो. धन पुरलं असेलच, तर त्याची नोंद त्या दप्तरातच नसती का?

आपलं अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. तिथं 68 जैन धातुमूर्ती निघाल्या. उमाकांत शाहांनी त्यांवरचे लेख वाचले, 1959 साली पुस्तक काढलं. मूर्ती कामाठीबागेतल्या म्युझियममध्ये बघा.

जमिनीत दहा रुपयांहून जास्तीचं काही लागलं, तर 1878 च्या कायद्यानं कलेक्टरांना कळवावं लागतं. हसू नका, दहाच रुपये!

तेव्हा कुदळ राहू द्या. घरातले मोडी कागद आणा, रविवारी बसून वाचू.