सौर पॅनेल दारी येतात तेव्हा



गावात विजेचा पहिला खांब उभा राहणे ही एके काळी गावाच्या इतिहासातील मोठी घटना असे. खांब कोठे रोवायचा आणि तार कोणाच्या बांधावरून न्यायची, हे वीज मंडळाचे अभियंते ठरवीत. यंत्रसामग्री येई, उतरे, बसविली जाई. ग्रामस्थांच्या वाट्याला दिवा लावण्याचा आनंद तेवढा येई. आता परिस्थिती पालटली आहे. घराचे छप्पर, शाळेची गच्ची, सहकारी गृहनिर्माण संस्थेची इमारत ही छोटी छोटी वीज केंद्रे होऊ लागली आहेत. साहजिकच वीज केंद्राची सामग्री उतरवून घेण्याची जबाबदारीही सामान्य नागरिकाच्या दारात येऊन ठेपली आहे. योजनेचा अर्ज, अनुदान आणि वीजबिलातील बचत यांची चर्चा पुष्कळ होते. मालमोटार फाटकाशी येऊन थांबते त्या एका तासाचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे.

बंदर जवळ, पण धक्का दूर

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज नेण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले. या योजनेत घरगुती संचाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये आणि एकूण जास्तीत जास्त ७८ हजार रुपये केंद्रीय साहाय्य ठरविण्यात आले. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचा दर ठेवण्यात आला.

नवी मुंबईतील करंजाडे वसाहतीचे उदाहरण घेऊ. पनवेल शहराला लागून सिडकोने विकसित केलेली ही वसाहत. लहानमोठ्या इमारती, त्यांच्या गृहनिर्माण संस्था आणि शेजारीच जुने गावठाण असे तिचे स्वरूप आहे. १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर येथून दूर नाही. बंदराकडे जाणाऱ्या महामार्गावर कंटेनरची वर्दळ अहोरात्र चालू असते. बंदरात आणि गोदामात एक टन वजनाची खेप फोर्कलिफ्टचा चालक काही मिनिटांत उचलून बाजूला ठेवतो. तीच खेप वसाहतीतील इमारतीच्या फाटकाशी येते तेव्हा तेथे ना उतराईचा धक्का असतो, ना फोर्कलिफ्ट. असतात ते रस्त्याच्या दुतर्फा लावलेल्या मोटारी, डोक्यावरून गेलेल्या तारा, उताराचा रस्ता आणि गोंधळलेले कार्यकारी मंडळ. अडचणीचे मूळ या फरकात आहे.

खेपेचे स्वरूप

मोठ्या प्रमाणावर मागविलेली पॅनेले सुटी येत नाहीत. लाकडी पाटांच्या बैठकीवर, म्हणजे पॅलेटवर, ती लांब बाजूवर उभी रचतात, कोपऱ्यांना संरक्षक तुकडे लावतात, भोवती पुठ्ठ्याची पेटी घालतात आणि पट्ट्यांनी आवळतात. आज सर्रास वापरले जाणारे सुमारे ५४० वॅटचे पॅनेल जवळजवळ सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचे असते. दोन्ही बाजूंना काच असलेले पॅनेल त्याहून जड असते. एका पॅलेटवर अशी तीस-एकतीस पॅनेले मावतात.

हिशेब सोपा आहे. एकतीस पॅनेले म्हणजे पावणेसतरा किलोवॅट क्षमता, लाकडासह ९०० किलोंच्या वर वजन, आणि संस्थेच्या दृष्टीने सुमारे तीन लाख रुपयांच्या केंद्रीय साहाय्याला पात्र ठरू शकणारी सामग्री. एकट्या घराला सहा पॅनेले पुरतात; ती सुटी येतात आणि चार माणसे ती सहज उतरवू शकतात. पूर्ण पॅलेट मात्र माणसांनी उचलण्याची वस्तू नव्हे. ‘दहा जण लागले की होईल’ हा हिशेब येथे चालत नाही.

पोच म्हणजे कोठवर?

मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे : पोच म्हणजे कोठवर? वाहतूकदाराच्या लेखी पोच बहुधा मोटारीच्या फळीपाशी संपते. पुरवठादाराच्या लेखी ती फाटकाशी संपू शकते. संस्थेच्या सभासदांना मात्र पोच म्हणजे गच्ची वाटते. या तीन समजुतींमध्ये जे अंतर राहते, त्यातच पॅनेले फुटतात आणि भांडणे जुंपतात. संच बसविणारा कंत्राटदारच माल आणणार असेल, तर संच कार्यान्वित होईपर्यंत मोडतोडीची जोखीम त्याची राहील, असे कलम करारात असावे. उतराईचे साधन कोण आणणार, त्याचे भाडे व हमाली कोण देणार आणि मालाचा प्रवासातील विमा उतरविला आहे काय, हेही त्यातच नमूद असावे.

त्यानंतर जागेची पाहणी करावी. फाटकाची रुंदी मोजावी, तारांची उंची पाहावी, मोटार वळेल काय ते तपासावे. मागे उचलफळी असलेली मोटार मिळाल्यास उत्तम. नाहीतर फोर्कलिफ्ट किंवा हायड्रा ठरलेल्या वेळी हजर ठेवावा. हाताने ओढावयाची पॅलेट ट्रॉली सपाट व कठीण जमिनीवरच चालते. उतारावर ती माणसाच्या ताब्यात राहत नाही आणि खडीत तिची चाके रुततात. ही साधने मिळण्यासारखी नसतील, तर पॅलेट मोटारीतच काळजीपूर्वक उघडून एकेक पॅनेल दोघादोघांनी उतरवावे. त्याला वेळ लागतो, म्हणून मोटार किती वेळ थांबेल हेही आधीच ठरवून घ्यावे.

माणसाचा जीव प्रथम

पॅलेट उघडण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. पॅनेले उभी असतात आणि पट्ट्यांनीच ती एकत्र धरलेली असतात. आधार न देता पट्टी कापली आणि जमीन किंचित कलती असली, तर एकामागून एक पॅनेले कोसळतात. समोर उभ्या असलेल्या माणसावर शेकडो किलो वजन येते आणि त्याला मागे सरण्यास अवधी मिळत नाही. यास्तव बैठक सपाट जागी टेकवावी, पॅनेलांना दोन्ही बाजूंनी भक्कम आधार द्यावा आणि मगच पट्टी कापावी. कापताना पॅनेलांच्या पडत्या बाजूला कोणी उभे राहू नये. मुलांना तर तेथे फिरकूच देऊ नये.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम करून ओझे वाहणाऱ्या माणसाच्या श्रमाला कायद्याचे संरक्षण दिले. त्यामागील भावना घरगुती उतराईलाही लागू आहे. हमालांना हातमोजे व बंद पादत्राणे द्यावीत. जोराचा वारा सुटला असता काम थांबवावे. अडीच चौरस मीटरचे पॅनेल शिडासारखे वारा धरते व माणसाला गच्चीच्या कठड्याकडे खेचू शकते. पॅनेलवर ऊन पडताच त्यात वीजदाब निर्माण होतो, हेही ध्यानात असावे. एका पॅनेलचा खुला दाब ५० व्होल्टच्या आसपास असतो. सहा पॅनेले एका माळेत जोडली की तो ३०० व्होल्टच्या घरात जातो. तेव्हा उतराईच्या वेळी वायरींची टोके एकमेकांना जोडण्याचा मोह कोणीही धरू नये.

न दिसणारी तडा

हमालाच्या सवयीने पॅनेल डोक्यावर घेतले जाते. त्या वेळी काच फुटत नाही, म्हणून सारे ठीक आहे असे वाटते. वस्तुतः आतील सिलिकॉनची चकती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही पातळ असते. पॅनेल मधोमध वाकले, आपटले किंवा त्यावर कोणी पाय दिला, की चकतीला सूक्ष्म तडा जाऊ शकते. ही तडा डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी खास तपासणी करावी लागते. पुढे उन्हातान्हात ती वाढते आणि वीज हळूहळू घटते. पंचवीस वर्षांच्या अपेक्षेने घेतलेल्या वस्तूचे नुकसान असे पहिल्याच दिवशी होऊन जाते.

नियम साधे आहेत. पॅनेल दोघांनी धरावे, धातूच्या चौकटीला धरावे आणि उभे न्यावे. मागची वायर किंवा जोडपेटी धरून ते उचलू नये. काच खडीवर टेकवू नये. सव्वादोन मीटरचे पॅनेल इमारतीच्या लिफ्टमध्ये बहुधा मावत नाही आणि अरुंद जिन्याच्या वळणावर अडते. म्हणून जिना आधी मोजावा. क्रेनने किंवा कप्पीने चढवायचे असेल, तर खालची जागा मोकळी ठेवावी. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात खेप मागविणे शक्यतो टाळावे, कारण भिजलेल्या पुठ्ठ्याचा जोर जातो आणि रचना ढासळते. माल ठेवावाच लागला, तर तो सपाट व छपराखालील जागेत, मूळ वेष्टनात उभाच ठेवावा. एका पॅलेटवर दुसरे पॅलेट चढवू नये.

सहीपूर्वीची पंधरा मिनिटे

मोटारचालकाला पुढे जाण्याची घाई असते आणि चलनावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे बहुधा आधीच छापलेले असते. नेमक्या याच वेळी संस्थेच्या प्रतिनिधीने सावध राहावे. पट्ट्या उतरविण्यापूर्वी पेटीच्या चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. फाटलेला पुठ्ठा, चेपलेला कोपरा, तुटलेली पट्टी, कललेली रचना यांपैकी काही आढळले, तर वाहतूकदाराच्या आणि आपल्या अशा दोन्ही प्रतींवर ते स्पष्ट शब्दांत लिहावे, चालकाची सही घ्यावी आणि मगच आपली सही करावी. आत पाहणे शक्य नसेल, तर ‘आतील माल तपासलेला नाही’ हे चार शब्द लिहिण्यास विसरू नये. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक त्याच दिवशी नोंदवावा. घरगुती व संस्थांच्या अनुदानासाठी देशी बनावटीची पॅनेले आवश्यक आहेत; ठरलेलाच माल आला की नाही, याची खातरजमा या नोंदीमुळे होते.

या नोंदीला कायद्याचे बळ आहे. ‘रस्त्याने वाहतूक अधिनियम, २००७’ हा १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. मालाची हानी झाल्यास दावा लावण्यापूर्वी, माल नोंदविल्याच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत, वाहतूकदाराला लेखी नोटीस देणे त्यात बंधनकारक आहे. अधिक जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई मर्यादित राहते. २०११ च्या नियमांनुसार ही मर्यादा भाड्याच्या दहापट असून घोषित किमतीपेक्षा ती अधिक असू शकत नाही. लाखोंचा माल आणि हजारोंचे भाडे असेल, तर या तरतुदीचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. विमा का हवा, याचे उत्तर येथेच मिळते. बिल्टी पुरवठादाराच्या नावाने फाटलेली असल्यास वाहतूकदाराकडे त्यालाच जावे लागते; म्हणून संस्थेने छायाचित्रांसह तक्रार पुरवठादाराकडे त्याच दिवशी पोहोचवावी.

गावाने करावयाचे काम

ग्रामपंचायतींनी व शाळांनी या बाबतीत पुढाकार घेण्यास वाव आहे. गावठाणातील पाच घरांनी एकत्र मागणी केली, तर एक पॅलेट सर्वांना पुरते. अशा वेळी ग्रामपंचायतीने सपाट, मोकळी जागा उतराईसाठी उपलब्ध करून द्यावी आणि रस्ता तासभर मोकळा ठेवावा. मुख्याध्यापकांनी शाळेचा माल सुट्टीच्या दिवशी मागवावा. अधिकाऱ्यांनी योजनेच्या मार्गदर्शन मेळाव्यांत अर्ज भरण्याबरोबरच माल ताब्यात घेण्याचीही माहिती द्यावी. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

सूर्याचा प्रकाश कोणाच्याही दारी विनामूल्य येतो. त्याची वीज करून घरात नेणारी सामग्री मात्र मोटारीतून, हमालांच्या हातांतून आणि एका कागदावरील सहीतून येते. ती सही पाहून, मोजून आणि लिहून केलेली असेल, तर पुढील पंचवीस वर्षे गच्चीवरचे पॅनेल आपले काम निमूटपणे करीत राहील आणि ते वर नेणारा माणूसही संध्याकाळी धडधाकट आपल्या घरी परतेल.