संसाराचा हिशोब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी मला दोन शब्द बोला म्हणून सांगितले आणि विषय माझ्यावर सोडला. आपण व्यासपीठावर आलो की क्रांतीवर बोलतो, राजकारणावर बोलतो, गटातटांवर तर फारच बोलतो. मी आज तेल-मिठावर बोलणार आहे. कुणी म्हणेल, विहारात हा कसला विषय? तर ऐका. हा विषय विहारातलाच आहे.

कोलिय कुळातला दीघजाणू नावाचा एक गृहस्थ भगवान बुद्धांकडे गेला. म्हणाला, आम्ही पोराबाळांत राहणारी, संसारी माणसे. आमचे याच जन्मी भले होईल असे काही सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. अंग मोडून काम कर. कष्टाने मिळवलेले राख. चांगल्या माणसांची संगत धर. आणि चौथी गोष्ट समजीविता, म्हणजे आवक-जावक ओळखून समतोल राहणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती खाली, किती वर हे कळते, तसे घर चालवणाऱ्याला कळले पाहिजे. मिळकत थोडी आणि थाट मोठा, तो माणूस उंबर खाणाऱ्यासारखा. झाड गदगदा हलवतो, खातो चार, मातीत जातात चाळीस. पण मिळकत बरी असून जो स्वतःच्या पोटाला चिमटा काढतो, त्यालाही भगवंतांनी शहाणा म्हटलेले नाही.

ही दुसरी बाजू मी मुद्दाम सांगतो. आपल्या समाजाला कमी खायला शिकवण्याची गरज नाही. पिढ्यान् पिढ्या आपण तेच केले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की शिळ्यापाक्या तुकड्यांवर आणि मेलेल्या जनावराच्या मांसावर जगणे सोडा. त्यामुळे काटकसर म्हणजे पोराच्या ताटातले अंडे काढणे नव्हे, मुलीची वही कमी करणे नव्हे. खुद्द बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले तेव्हा बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड होती. त्यातून घरीही पैसे पाठवायचे होते. त्यांनी चैनीला फाटा दिला, पण पुस्तकांना दिला नाही. कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे कळणे म्हणजे काटकसर.

मग आपला पैसा जातो कुठे? बायाबापडे म्हणतात, "पैसो खंय गेलो ताच कळना नाय." मी गिरणीतला माणूस, म्हणून गिरणगावाचे उदाहरण देतो. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्यात ४७ टक्के कुटुंबे कर्जात निघाली. कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईएवढे. व्याज रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किती लहान! पण बारा महिन्यांचे बारा आणे, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. पुढे १९३१ साली शाही मजूर आयोगाचा अहवाल आला. त्यानेही कामगारांच्या कर्जाच्या कारणांत सणसमारंभ आणि विशेष करून लग्नाच्या खर्चावर बोट ठेवले. म्हणजे कामगार भात खाऊन बुडाला नाही. एका दिवसाच्या थाटाने आणि त्याच्यावरच्या व्याजाने बुडाला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा शाळकरी पोर. वडील गिरणीत होते, ते गावी परतले आणि मनीऑर्डर थांबली. वाडीत तेव्हा दोन तऱ्हेची घरे दिसली. ज्यांचे दुकानाचे खाते आधीच तुंबलेले, त्यांची तांब्या-पितळेची भांडी गहाण गेली. ज्या घरातल्या बाईने कुळीथ, नाचणी, सुकी मासळी भरून ठेवली होती आणि पोस्टात थोडे बाजूला टाकले होते, त्या घरची चूल पेटत राहिली. मिळकत दोघांची सारखी होती, हे लक्षात घ्या. पुढे मीही बदली कामगार म्हणून लागलो, रिंग खात्यात उभा राहिलो आणि गिरणी बंद पडल्यावर गावी आलो. आज मनीऑर्डरची जागा मोबाईलने घेतली, पण पैसा घरात टिकत नाही ही तक्रार तीच आहे.

आता रोजच्या गोष्टी सांगतो.

पहिली, वही. शाळेच्या जुन्या वहीची कोरी पाने शिवा. रोज रात्री काय आले, काय गेले ते लिहा. लिहायला पाच मिनिटे लागतात. आई शिकलेली नसेल तर पोरगी लिहील. महिन्याने बेरीज करा. दिवसाचे तंबाखूचे आणि हॉटेलातल्या चहाचे ३० रुपये कुणाला दिसत नाहीत. वर्षाचे ते १०,९५० रुपये होतात. दारूचा हिशोब मी इथे सांगत नाही, ज्याचा त्याने घरी करावा, बायकोसमोर करावा.

दुसरी, बेगमी. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मासळी कडाडते. शहाणी बाई एप्रिल-मेमध्येच सुकट, सुके बांगडे उन्हे देऊन डब्यात भरते. आमसोले, सांडगे, फणसाच्या आठळ्या हे सगळे आपल्या आयांना ठाऊक होते. आता आपण पावसात दुकानातून पुड्या आणतो. धान्य, तेल चार घरांनी मिळून घाऊक घेतले तर दर कमी पडतो.

तिसरी, उधारी. खात्यावर माल घेणारा भाव विचारत नाही, कारण त्याला तोंड नसते. रोखीने घेणारा विचारतो. एक महिना कळ काढून मागचे खाते मिटवा आणि पुढे रोख घ्या.

चौथी, वीज आणि गॅस. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट खातो. ९ वॉटचा एल.ई.डी. दीड युनिटही खात नाही. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो, म्हणून मीटर महिन्याच्या मध्येच एकदा बघत जा. कडधान्य रात्री भिजत घाला, कुकर वापरा, सिलिंडर जास्त दिवस जातो.

पाचवी, कपडा. भन्ते आनंदांना उदेन राजाच्या राण्यांनी पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. त्याने विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणे. जुन्या अंथरुणांची पायपुसणी, पुढे झाडायची फडकी, आणि अगदी चिंध्या झाल्या की मातीत कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला. आपल्या आजीची गोधडी याच विचाराची. नवे घेऊ नका असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी नीटनेटके राहायला सांगितले आहे. पण दर सणाला हप्त्यावर कपडे कशाला?

बंधू-भगिनींनो, हे सगळे केले तरी वर्षाचे दहा-पंधरा हजार वाचतील आणि एका हळदीत रात्रीतून उडतील. खरे दुखणे तिथे आहे.

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि कमी खर्चात लग्ने लावून दाखवली. आपला बौद्ध विवाहविधी तर किती साधा! त्रिसरण, पंचशील, दोन पुष्पहार. त्या विधीला खर्च नाही. खर्च आहे डी.जे.ला, मंडपाला, हळदीच्या जेवणावळीला. आणि तो आपण का करतो? "लोक काय म्हणतले!" म्हणून. ते लोक कोण? आपणच ना? मग आपण सगळ्यांनी मिळून ठरवले तर म्हणायला उरतो कोण?

दुसरे दुखणे आजारपण. रात्री-अपरात्री गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचे तर गाडीचे पैसे आधी उसने काढावे लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधारकार्ड यांतली नावे जुळतात का हे आजारी पडायच्या आधी बघा. डॉक्टरांना जेनेरिक औषध लिहून मागा, जनऔषधी दुकानात ते पुष्कळ स्वस्त मिळते.

तिसरे दुखणे हप्त्याचे कर्ज. दारात येऊन पाच बायांचा गट करून पैसे देतात. कर्ज घेऊ नका असे मी सांगणार नाही, गरज असते. पण हिशोब शिका. दहा हजार घेतले आणि महिना हजार रुपयांप्रमाणे बारा हप्ते भरले, तर आपण म्हणतो वीस टक्के व्याज. तसे नाही. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, म्हणून खरा दर पस्तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्मकर्जांसाठी नियम केला की घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. एक हप्ता फेडायला दुसरे कर्ज काढणाऱ्या बहिणीने हा नियम लक्षात ठेवावा आणि कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नये. खाजगी सावकाराला तर राज्याच्या २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो. तो आधी मागा.

आता माझ्या तीन सूचना आहेत. त्यांच्यावर कमिटीने बैठकीत विचार करावा.

एक, वाडीतली लग्ने याच विहाराच्या अंगणात लागावीत, हळद एका जेवणात आटपावी आणि डी.जे. नसावा. मोठी पातेली, ताटे, सतरंज्या विहाराने एकदा घ्याव्यात, म्हणजे दर घराचे भाडे वाचेल. दोन, दर घराने महिन्याला झेपेल ती रक्कम आजारपण निधीत टाकावी. तो बँकेत तिघांच्या सहीने राहावा आणि त्याचा हिशोब दर पौर्णिमेला इथे मोठ्याने वाचावा. हिशोब वाचला नाही तर निधी टिकत नाही, भांडण मात्र टिकते. तीन, दहावी-बारावीच्या मुलांनी महिन्यातून एक रविवार इथे बसून आयाबायांच्या वह्या आणि कर्जाचे कागद तपासून द्यावेत.

सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीला राखून. आपल्या तुटपुंज्या कमाईत चौथा भाग नाही निघणार. विसावा काढा. पण तो आधी काढा, उरल्यावर नव्हे. उरत काही नाही, हे आपण सगळेच जाणतो. जो कर्जात बुडाला तो सभेत मान वर करून बोलू शकत नाही, पोराला पुढे शिकवू शकत नाही. आपल्याला मान वर करून उभे राहायचे आहे, म्हणून हा तेल-मिठाचा हिशोब.

 

नमो बुद्धाय! जय भीम!